जाळीवरची रेघ

"काकू टेबलावर असतात. त्यांच्याकडून नंबर घेत जा," मालक म्हणाले. मला लिहायचं टेबल वाटलं.

ते निघालं खोलीएवढं. उभ्या लोखंडी पट्ट्यांची रांग, पट्ट्यांखाली पाणी, पट्ट्यांवर आडवी पसरलेली जाड प्लेट. वरून एक पूल मागेपुढे सरकतो. पुलावर टॉर्च. कॉम्प्युटर सांगेल त्या वाटेनं टॉर्च फिरते आणि बोटभर जाडीचं पोलाद कापत जाते. निळा उजेड, वाफ, जळक्या लोखंडाचा वास. तो वास केसांत दोन दिवस राहतो.

टॉर्चच्या शेजारी, वीतभर अंतरावर, एक अटॅचमेंट बसवलेली आहे. कॅटलॉगात तिचं नाव लांबलचक आहे. कारखान्यात सगळे टोच्या म्हणतात. टोच्या म्हणजे हवेच्या जोरावर चालणारी एक कठीण सुई. कॉम्प्रेसर सुरू झाला की ती थांबत नाही. टोचून टोचून पोलादावर आकडे उमटवते. आवाज शिलाई मशीनसारखा येतो.

"मला वाटलं तुम्ही लोखंड शिवताय," मी म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही. "काय शिकलीस?"

"साहित्य."

"कुठलं? हार्डवेअरचं?"

"पुस्तकांचं."

"हं."

त्या दिवसापासून मी पुस्तकवाली झाले. दुपारी आम्ही एकत्र डबा खायला लागलो. त्या माझ्याहून बावीस वर्षांनी मोठ्या. तरी मैत्रीण म्हणून सांगायचं झालं तर या शहरात मला त्याच.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक प्लेट पोलादाच्या भट्टीतून एक नंबर घेऊन येते. नंबर म्हणजे तिचं कूळ. ती कशाची बनली, किती ओझं सोसेल, सगळं त्यात. हा नंबर प्लेटच्या एका कोपऱ्यात ठोकलेला असतो. प्लेट कापली की तो कोपऱ्यातच राहतो आणि तुकडे अनाथ होतात. म्हणून कापण्याआधी टोच्या प्रत्येक तुकड्यावर नंबर कोरतो. मग मी ऑफिसात बसून दाखला टाइप करते, की अमुक तुकडे अमुक नंबरच्या पोलादातले. मालक सही करतात. त्या कागदाच्या भरवशावर लोक ओझी टांगतात.

टोच्या नवा होता तेव्हाची एक गोष्ट वेल्डर अजून सांगतो. टोच्या आणि टॉर्च यांच्यात किती अंतर आहे, ते मशीनला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी ते चुकून उलट्या बाजूला सांगितलं होतं. तीस तुकडे कापून निघाले. एकावरही नंबर नाही. तीसच्या तीस नंबर बाहेर, उरलेल्या पत्र्यावर.

"काकू, पोरं शाळेत गेली आणि दप्तरं घरीच राहिली," वेल्डर म्हणाला.

काकूंनी तीसही पोरं परत टेबलावर मांडली आणि एकेकाला त्याचं दप्तर दिलं. संध्याकाळ झाली. 

काकूंनी त्याआधी बावीस वर्षं कापड कापलं होतं. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात. कोटाचं भारी कापड एकेरी पसरून कापतात. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्या इथे स्टोअरमध्ये नट-बोल्ट निवडायला लागल्या. वर्षभरानं मालकांनी हे टेबल आणलं. एकही वेल्डर कीबोर्डला हात लावेना. एक म्हणाला, माझी बोटं जाड आहेत, एका वेळी तीन बटणं दाबली जातात.

काकू नट-बोल्ट खाली ठेवून आल्या. "कापायचंच आहे ना? मग मी कापते."

"भीती नाही वाटली?" मी एकदा विचारलं.

"कसली? कापड सरकतं, ताणतं, सुरकुततं. हे बिचारं गप पडून राहतं."

कापडाच्या कामातून त्यांनी एक सवय बरोबर आणली होती. दोन तागे एकाच निळ्या रंगाचे दिसतात, पण एकाचा निळा दुसऱ्याच्या निळ्याशी जुळत नाही. बाही एका ताग्याची आणि खांदा दुसऱ्याचा लागला, की कोट उन्हात गेल्यावर चोरी उघडी पडते. म्हणून काकू कापण्याआधी खडूनं एक वाकडी रेघ मारत. अर्धी तुकड्यावर, अर्धी उरणाऱ्या कापडावर. कात्री मधून जायची. पुढे शंका आली तर तुकडा परत त्याच्या भोकात ठेवून बघायचा. रेघ जुळली तर तो तिथलाच.

पोलादावरही त्या तेच करत. नंबर कोरून झाला की मशीन हातात घेत. बाणांची बटणं दाबत टोच्या स्वतः चालवत. तुकड्याच्या डोक्याशी अंगठ्याएवढी रेघ, अर्धी आत, अर्धी बाहेर. हातानं काढलेली असल्यामुळे कुठलीही रेघ दुसरीसारखी नसे. एखादीला एक वळण, एखादीला दोन. एखादी शेवटी शिंक आल्यासारखी उडालेली.

"डोक्याशीच का?"

"पाय वेल्डिंगमध्ये जातो. डोकं उघडं राहतं."

कोणाला हे पटत नसे. एका तुकड्यामागे अर्धं मिनिट जायचं. वेल्डर त्यांना रेघकाकू म्हणायला लागले. मालक अधूनमधून येऊन टेबलाशी उभे राहत.

"काकू, नंबर कोरलाय की. वर ही रेघ कशाला?"

"नंबर मी टाइप करते, मालक. टाइप केलेलं चुकतं. रेघ टाइप होत नाही."

मालक परत फिरत. पटलं म्हणून नव्हे. वाद घातला तर आणखी पाच मिनिटं जातील म्हणून.

तुकडे काढून घेतल्यावर प्लेटचा जो सांगाडा उरतो त्याला आम्ही जाळी म्हणतो. नुसती भोकं आणि कडा. दर सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा टेंपो येतो आणि आठवड्याच्या जाळ्या घेऊन जातो. म्हणजे प्रत्येक रेघेचा बाहेरचा अर्धा भाग भंगारात जायचा. या रेघांचा कधी कोणाला उपयोग झाला नव्हता. खरं सांगायचं तर मीही मनात हसायचे.

काकूंचे यजमान रिगर आहेत. टाक्या आणि मोठी यंत्रं क्रेननं उचलतात तेव्हा त्यांना दोर, साखळ्या बांधायचं काम त्यांचं. ओझं वर गेलं की ते एका बाजूनं लांब दोर धरून चालतात, ओझं गरगर फिरू नये म्हणून. आमच्या कारखान्याचं सामान पुष्कळदा त्यांच्याच हाताखाली जातं. मी त्यांना काका म्हणते. कधी जवळपास काम असलं तर ते डबा खायला आमच्याकडे येतात.

"हिनं कोरलेल्या नंबराखाली माझं डोकं असतं," त्यांनी मला एकदा सांगितलं.

"म्हणून तर नीट कोरते," काकू म्हणाल्या. "दुसरं डोकं कुठून आणू?"

"कापून घेशील. टेबल आहे तुझ्याकडे."

"नंबर कुठला घालू?"

"भंगाराचा घाल."

आता त्या सोमवाराकडे येते.

साबणाच्या एका कारखान्यात अकरा टनांची टाकी चौथऱ्यावर चढवायची होती. टाकीला वर चार कान लावतात. भोक पाडलेले पोलादी तुकडे. क्रेनच्या साखळ्या त्यांत अडकतात. ते चार कान आमच्याकडे कापायचे होते, तगड्या पोलादातून. नेमकं त्याच आठवड्यात आमच्याच कारखान्यातल्या एका स्टँडसाठी आणखी चार कान हवे होते. रिकामी पिंपं टांगायला. तिथं साधं पोलाद चालणार होतं. ड्रॉइंग तेच. जाडी तीच. दोन छोट्या प्लेटा आल्या होत्या. तगडीच्या नंबराच्या शेवटी एकोणपन्नास, साधीच्या शेवटी बेचाळीस. आम्ही त्यांना तेवढंच म्हणायचो.

गुरुवारी दोन्ही कापल्या. शुक्रवारी चार कान साबणाच्या कारखान्यात गेले, माझ्या दाखल्यासह. शनिवारी टाकीला वेल्ड झाले. सोमवारी बारा वाजता टाकी उचलायची होती. दोर धरायला काका.

सोमवारी दहाच्या चहाला हॉइस्टवाला बाकावर येऊन बसला. स्टोअरमधून प्लेटा उचलून टेबलावर ठेवतो तो. बोलघेवडा माणूस. स्टोअरमध्ये प्लेटा कशा वेड्यावाकड्या रचतात यावर त्याची तक्रार चालली होती.

"गुरुवारचंच बघा. एकोणपन्नास खाली, बेचाळीस वर. आता खालची आधी काढायला कोण बसतंय? मी आपली बेचाळीस आधी दिली, मग एकोणपन्नास."

काकूंचा कप तोंडाशी थांबला.

"आधी बेचाळीस दिलीस?"

"हो. का?"

काकूंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गुरुवारची कामाची यादी. ती मी टाइप केलेली होती. पहिल्या ओळीत एकोणपन्नास, दुसऱ्या ओळीत बेचाळीस. दोन्हींपुढे काकूंची पेन्सिलीची खूण.

यादी क्रमानं लावताना मी कोणाला विचारलं नव्हतं. टाकीचं काम महत्त्वाचं, म्हणून ते वर लिहिलं होतं. निबंधात महत्त्वाचं आधी घ्यायला शिकवतात.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही नंबर कशावरून घालता?"

"यादीवरून. आणखी कशावरून घालणार?"

तिघांनाही कळलं होतं. पहिली प्लेट साधी, आणि यादीत पहिला नंबर तगडीचा. यादीप्रमाणे कोरलं असेल तर साध्या पोलादाच्या कानांवर तगडीचा नंबर गेला. ते कान आता अकरा टनांच्या टाकीवर होते. आणि त्यांच्याजवळ दोन तासांनी काका दोर धरून उभे राहणार होते.

"स्टँडच्या कानांवर काय नंबर आहे?" हॉइस्टवाला म्हणाला.

"बेचाळीसच असणार रे. नंबर काय, मी घातला तो असेल. पोलाद कुठलं ते नंबर कसा सांगेल?" काकू उठल्या. "जाळ्या कुठे आहेत?"

जाळ्या नव्हत्या. टेंपो नऊलाच येऊन गेला होता.

काकूंनी काकांना फोन लावला. वाजत राहिला. कामावर असताना काका फोन डब्याच्या पिशवीत ठेवतात. मग मी मालकांना बोलावलं; त्यांनी साबणाच्या कारखान्यातल्या इंजिनीअरला लावला. स्पीकरवर.

"दाखला माझ्या हातात आहे," इंजिनीअर म्हणाला. "कानांवर नंबर आहे. दोन्ही जुळतात. मग थांबवायचं कशासाठी?"

मालकांनी काकूंकडे बघितलं.

"साहेब, रिगरकडे फोन द्या," काकू म्हणाल्या.

बराच वेळ नुसते आवाज आले. मग काका.

"अहो, उचलू नका."

"का गं?"

"नंबराची खात्री नाही."

"किती वेळ लागेल?"

"जाळी सापडेपर्यंत."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. मला ते फार कमी वाटलं. तिथं काय झालं ते नंतर कळलं. काकांनी साखळ्या कानांतून काढल्या, खाली जमिनीवर गोल रचल्या आणि त्यांच्यावर बसले. जोडीदार म्हणाले, काय हो, बायकोनं सुट्टी दिली का? काका म्हणाले, हो, तुम्हालाही दिली आहे, बसा. इंजिनीअरनं तीनदा सांगून बघितलं. काका उठले नाहीत.

मालकांनी गाडी काढली. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पट्टा लावा," आणि गाडी जोरात सोडली. मी मागे बसले होते. मांडीवर माझी पिशवी, पिशवीत जुन्या दाखल्यांचे रद्दी कागद. मी तीन वेळा म्हणाले की यादी माझी होती. तिसऱ्या वेळी काकू मागे वळल्या.

"पुस्तकवाले, रडायचं असेल तर मागाहून रड. पेन्सिल आहे का जवळ?"

होती.

भंगाराचं आवार मोठं होतं. पलंगांचे सांगाडे, वॉशिंग मशीनचे डबे, सायकलींच्या चौकटी. एका कोपऱ्यात गॅस कटर घेतलेला माणूस जाळ्यांचे तुकडे पाडत होता. भट्टीत मावतील एवढे.

"या काकू," भंगारवाला म्हणाला. "काय हरवलं? अंगठी?"

"कोपरा."

त्यानं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "त्या सांगतील ते करा."

आमच्या जाळ्या वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. काकू ढिगाला एक फेरी मारून आल्या आणि एका जागी बोट दाखवलं. त्यांना भोकांवरून कळत होतं. मला सगळी भोकं सारखीच दिसत होती. भंगारवाल्याच्या दोन माणसांनी पहारीनं पहिली जाळी ओढून काढली. कानाच्या आकाराची चार भोकं. प्रत्येक भोकाच्या काठाशी अर्धी रेघ. काकूंची. मला ती बघून एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण जाळीला चारही कोपरे नव्हते. त्यांच्या जागी गोल, ताजे काप.

"कोपरे आधी उडवतो," गॅस कटरवाला म्हणाला. "हाताला लागतात."

नंबर कोपऱ्यात असतो. ही जाळी तगडीची की साधीची, काही कळायला मार्ग नव्हता. उडवलेले कोपरे एका पिंपात होते. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

"दुसरी कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

दुसरी पलंगांच्या खाली होती. पलंग उचलायला पाऊण तास लागला. मालकांनी स्वतः पाच पलंग उचलले. त्यांचा शर्ट फाटला. साडेअकरा झाले, मग बारा. जाळी बाहेर आली तेव्हा एक कोपरा चिखलानं माखला होता. काकू खाली बसल्या. चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्यानं चिखल पुसला. मग मला म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. शेवटी एकोणपन्नास.

म्हणजे तगड्या प्लेटची जाळी ही. अजून काहीच सुटलं नव्हतं. या भोकांतले कान कुठे गेले, टाकीवर की पिंपांच्या स्टँडवर, ते रेघा सांगणार होत्या.

मी पिशवीतले कागद काढले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं करायचं. काकू कागदाची कड भोकाच्या काठाला बरोबर लावून धरायच्या, मी घासायचे. चार भोकं, चार कागद. प्रत्येकावर पांढरी अर्धी रेघ. काकूंनी कागदांवर एक ते चार आकडे घातले.

"हरवू नकोस," त्या म्हणाल्या. मी ते गाडीत छातीशी धरून बसले.

साबणाच्या कारखान्याच्या फाटकापासूनच वास सुरू झाला. अंघोळीचा, धुतलेल्या कपड्यांचा. टाकी दोन लाकडी ओंडक्यांवर आडवी होती. काका साखळ्यांवर बसलेले. आम्हाला बघून उठले. शिडी टाकीला लावली आणि खालून धरली.

काकू वर चढल्या. मी मागोमाग, कागद घेऊन. कानांना राखाडी रंग दिला होता. काकूंनी पहिल्या कानाचं डोकं पॉलिश पेपरनं घासलं. रंगाखालून रेघ निघाली. वर कडेपर्यंत आलेली, तिथे तुटलेली.

"एक नंबर दे."

मी दिला. त्यांनी कागदाची कड कानाच्या कडेला लावली. रेघ जुळली नाही. कागदावरची डावीकडे झुकलेली, कानावरची सरळ.

"दोन."

नाही.

"तीन."

तीन पुष्कळ जवळ वाटला. काकूंनी तो दोनदा लावून बघितला. मग मान हलवली. नाही.

खाली इंजिनीअर, मालक, काका, क्रेनवाला, सगळे मान वर करून उभे. कोणी हलत नव्हतं.

"चार."

मी चौथा कागद पुढे केला. काकूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, कडेला लावला, आणि तशाच थांबल्या. मी वाकून बघितलं. कानावरून रेघ वर येत होती, कागदावर जाऊन एकदा वळत होती, आणि शेवटी शिंक आल्यासारखी उडाली होती. मधे फक्त टॉर्चनं खाल्लेली बारीक फट.

काकूंनी श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

"चार," त्या खाली बघून म्हणाल्या. "एक झाला."

दुसऱ्या कानाला एक नंबर लागला. तिसऱ्याला तीन. आता सगळं सोपं होतं. उरलेला कागद दोन नंबरचा. चौथ्या कानाचा रंग घासला, तर डोक्यावर रेघच नव्हती. कोणीतरी वेल्डिंगनंतर कड ग्राइंडरनं गोल करून टाकली होती. हाताला लागू नये म्हणून असेल.

"तीन जुळले ना?" इंजिनीअर खालून म्हणाला. "मग चौथाही तिथलाच असणार. उचलू या आता."

"साहेब, टाकी चार कानांवर आहे," काका म्हणाले. शिडी सोडली नाही.

काकू आणखी खाली घासत राहिल्या. मग पेपर बाजूला ठेवला आणि नखानं चाचपलं. ग्राइंडरनं कडच नेली होती. खाली रेघेची शेपटी राहिली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. काकूंनी दोन नंबरचा कागद लावला. मधली जागा पट्टी धरून पेन्सिलीनं भरली. रेघ शेपटीवर येऊन टेकली. त्यांनी मला पट्टी धरायला लावली आणि परत एकदा काढून बघितली. परत तिथेच आली.

"बघ बरं तू," त्या म्हणाल्या. "माझे डोळे मला हवं तेच बघतील."

मी बघितलं. वाकून, मग दुसऱ्या बाजूनं. "जुळते, काकू."

त्या खाली उतरल्या. शेवटच्या पायरीवर काकांनी त्यांचा कोपर धरला.

"उचला," काकू म्हणाल्या.

"नक्की ना? नाहीतर मी आणखी बसतो. आज छान आराम झालाय."

"उचला हो."

टाकी पावणेदोनला उचलली. आधी टीचभर. तिथं दोन मिनिटं तशीच ठेवली, ही काकांची रीत. मग वर. साखळ्या ताठ झाल्या, कुरकुरल्या, गप्प झाल्या. काका दोर धरून चालत होते, ओझ्याकडे बघत, पाय न बघता. काकू टाकीकडे बघत नव्हत्या. त्या कानांकडे बघत होत्या. टाकी चौथऱ्यावर टेकली. काकांनी दोर सोडला आणि तळहात विजारीला पुसले.

"भूक लागली," काकू म्हणाल्या.

सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. काकांच्या पिशवीत फोनवर आमचे अकरा फोन येऊन पडले होते आणि डबा तसाच होता. एका डब्यात चौघं जेवलो. फाटक्या शर्टातले मालक लाकडी ओंडक्यावर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "काकू, यापुढे जाळ्या महिनाभर ठेवायच्या. मी जागा करतो."

"बरं."

"आणि ती रेघ."

"तिचं काय?"

"मारत जा."

"मारतेच की," काकू म्हणाल्या.

काका हसता हसता ठसकले. मी त्यांना पाणी दिलं.

एक गोष्ट राहिली होती. परतताना गाडीत मी ती विचारली. हॉइस्टवाल्यानं साधी प्लेट आधी दिली होती. यादीत तगडी आधी. नंबर यादीवरून घातला. मग तो बरोबर कसा आला?

"कोण जाणे," काकू म्हणाल्या. "त्याचीच चूक झाली असेल. तगडीच आधी दिली असेल त्यानं." आणि डोकं काचेला टेकवून झोपल्या.

पण हॉइस्टवाला ठाम होता. संध्याकाळी त्यानं मला स्टोअरचं रजिस्टर दाखवलं. बेचाळीस आधी, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी घेऊन टेबलाशी गेले. हॉइस्टवाला प्लेट ठेवत होता. प्लेट टेकली. काकूंचा चष्मा टेबलाच्या वाफेनं धुरकटला होता. त्यांनी तो कपाळावर सरकवला. मग प्लेटला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्याशी गेल्या. वेल्डरशी बोलणं चालू होतं, त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल. बोलता बोलता त्यांनी अंगठ्यानं कोपरा पुसला. अंगठा एकदा डावीकडून उजवीकडे नेला, आकड्यांवरून. परत वळसा घालून कीबोर्डशी आल्या. "गणिताला जास्त वेळ द्यायला सांग तिला," म्हणाल्या, आणि नंबर घातला. यादी माझ्याच हातात होती.

मी तिथेच उभी राहिले.

"काकू, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"प्लेट आल्यावर."

"काय करणार? नंबर घातला." त्यांनी हात पुढे केला. "यादी दे. खूण करायची राहिली."

मी यादी दिली. त्यांनी पेन्सिलीनं खूण केली आणि मग कागदाकडे बघत राहिल्या. कामं होती, ड्रॉइंग होतं, किती तुकडे ते होतं. नंबराची जागा मी रिकामी सोडली होती. काल संध्याकाळी बसून सगळ्या याद्या तशा केल्या होत्या.

"हे काय? नंबर कुठाय?"

"प्लेटवर आहे, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे. मग काळ्या झालेल्या अंगठ्याकडे. तो साडीला पुसला आणि कॉम्प्रेसर सुरू केला.